आधी आपलं सांगा

धारवाडात व्यंकण्णा वकिलांकडे पक्षकार तावातावानं यायचा. भावानं बांध कोरला, शेजाऱ्यानं पन्हळ आमच्या अंगणात सोडली! व्यंकण्णा पानाला चुना लावत म्हणायचे, "त्याचं मागनं बघू. आधी आपलं सांगा. तुमचं काय चुकलं?" निम्मे लोक तिथूनच चपला घालून दुसरा वकील गाठत. मी त्यांचा ज्युनिअर. तीस-बत्तीस सालची गोष्ट. हा माणूस पोट कसं भरतो, याचं मला भारी कुतूहल.

"अण्णा, असं विचारून काय मिळतं हो तुम्हाला?" एकदा विचारलंच.

"समोरचा वकील कोर्टात तेच विचारणार की रे तम्मा! आपल्याला आधी ठाऊक असलेलं बरं."

एवढंच असेल, असं मला वाटलं.

पुढे अळणावरकडच्या गंगव्वाचं प्रकरण आलं. नवरा गेल्यावर दिरानं तिचं शेत बळकावलेलं, खालच्या कोर्टात ती हरलेली. अपील दाखल करायचा शेवटचा दिवस, काम माझ्याकडे. आणि मी शहाणा सकाळी हुबळीला मुलगी बघायला गेलो! दुपारच्या गाडीनं परतणार होतो. मुलीकडच्यांनी मांडे वाढले, आग्रह केला, मीही जेवत बसलो. गाडी गेली. धारवाडला पोचलो तेव्हा कोर्ट बंद.

दुसऱ्या दिवशी उशीर माफ करावा म्हणून अर्ज लिहिला: मला सडकून ताप होता. डॉक्टर दाखला द्यायला तयार. सगळेच असं करत. व्यंकण्णांनी वाचलं.

"ताप? मांडे खाऊन?" म्हणाले, आणि टरकन फाडला.

मी भडकलो. "अण्णा, बाईचं शेत जाईल!"

"जाईल." त्यांनी तुकडे टोपलीत टाकले. "पण खोट्यावर मी सही करणार नाही."

कोर्टात माझ्याआधी तेच उभे राहिले. "साहेब, कागद चार दिवस तयार होते. शेवटच्या दिवसावर मीच ढकललं. त्या दुपारी मी घरी झोपलो होतो." मग मी माझे मांडे सांगितले. सगळं कोर्ट हसलं. जज्जसाहेब हसले नाहीत. वकिलांची हयगय हे काही कारण नव्हे म्हणाले, आणि अर्ज फेटाळला.

गंगव्वा बाहेर पायरीवर होती. मला वाटलं, तिला सांगायला व्यंकण्णा कारकुनाला पाठवतील. हे स्वतः तिच्यासमोर जमिनीवर बसले. "गंगव्वा, आम्ही दोघांनी तुझं शेत घालवलं."

तिनं आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघितलं. मग म्हणाली, "आता मी काय पेरू, रायरे?"

"अमरगोळला माझं चार एकर आहे. ते पेर."

महिन्याभरात त्यांनी ते तिच्या नावावर करून दिलं. घरात रणकंदन झालं, त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, आठ दिवस अबोला धरला. तापाचा दाखला जोडला असता तर काय झालं असतं? बहुतेक तिचं शेत वाचलं असतं. मी अजून विचार करतो. व्यंकण्णा होते तोवर त्यांना विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

त्या हिवाळ्यात गंगव्वा अमरगोळहून चालत आली. पदरात हुरड्याची कणसं. थोडी त्यांना, थोडी मला.

"खावा की साहेब," म्हणाली, "तुमच्यामुळं मिळाली ही जमीन."

बाई अगदी मनापासून बोलत होती. मला तो हुरडा गिळवला नाही.