उलटी टांगलेली चिठ्ठी

आमच्या गावच्या जुन्या चावडीत गुरुजींनी संग्रहालय काढलं आणि त्यात माझ्या थोरल्या जावेचा फोटो लागला. माझा नाही. तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय, ते मी कशाला लपवू?

आमच्या गावाला आसपासचे लोक बेट म्हणत. पाण्याचा पत्ता नाही, पण चहूकडून निजामाची हद्द आणि मधे आमचं एकटं इंग्रजी अमलातलं गाव. बाहेर पडायचं तर नाका ओलांडावा लागे. निजामाच्या शेवटच्या वर्षांत तर चिठ्ठी दाखवल्याशिवाय बाईमाणसालाही सोडत नसत, आणि चिठ्ठी उर्दूत लागे. गावात उर्दू येत होतं फक्त मला. माझं माहेर उमरग्याकडचं. वडील कचेरीत कारकून होते, त्यांनी घरीच शिकवलं. साऱ्या गावाच्या चिठ्ठ्या मी चुलीपुढं बसून लिहिल्या. संग्रहालयात त्याची एक ओळ नाही!

जावेचं माहेर अणदूरचं. दर पंचमीला तिचा भाऊ मुराळी होऊन तिला न्यायला यायचा. गाडीत सतरंजी, बैलांच्या गळ्यात घुंगरं, नुसता थाट. माझे वडील गेले आणि माझं माहेर संपलं. भाऊ तर नव्हताच. ती गाडीत चढायची तेव्हा माझी तव्यावरची भाकरी हमखास करपायची.

त्या वर्षी ती म्हणाली, "चांगली चिठ्ठी लिव्ह बाई. आई लई आजारी हाय."

मी लिहिलं, या बाईच्या घरात पटकीचा रोगी आहे.

दुपारी ती पायी परत आली. भाऊ मोकळी गाडी घेऊन पुढं गेला होता. "न्हाय सोडलं," एवढंच बोलून ती आत गेली. मी तिला पाणी दिलं, वर त्या शिपायाला दोन शिव्याही हासडल्या. महिनाभरात तिची आई गेली. मी तोंड उघडलं नाही.

तीच चिठ्ठी आता काचेआड आहे. जावेनं ती ट्रंकेत जपून ठेवली होती. खाली पाटी लिहिली आहे, 'नाक्यावर अडवल्यामुळे आईच्या शेवटच्या भेटीला मुकलेली लेक'. शाळेच्या पोरी तिच्याभोवती बसतात, तिच्या पाया पडतात. अक्षर माझं, लबाडी माझी आणि मान तिचा! त्यात चिठ्ठी टांगलेली उलटी. गावात आता माझ्याशिवाय उर्दू वाचणारं कुणी नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

परवा मला राहवलं नाही. मी भर चावडीत म्हणाले, "गुरुजी, चिठ्ठी उलटी लावलीत."

गुरुजी हरखलेच. "आजी, तुम्हाला उर्दू येतं? मग वाचा की!" त्यांनी चौकट उतरवून माझ्या हातात दिली. जाऊ समोर बाकावर बसून माझ्याकडं बघत होती.

मी वाचलं, "ही बाई आजारी आईला भेटायला जात आहे, तरी सोडावे."

गुरुजींनी ते लिहून घेतलं आणि ते खिळा शोधायला गेले. जावेनं मला हात धरून शेजारी बसवलं.

"शिपायानं तवाच वाचून दावली हुती मला," ती हळूच म्हणाली. "तुज्या घरात पटकी हाय म्हनला. ती कुनाला झालीया, ते मला तितंच उमगलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, अक्का?"

"तुला न्यायाला कोन येत हुतं गं?"

तेवढ्यात शाळेच्या पोरी आत आल्या. जावेनं पदर सावरला आणि त्यांना नाक्याची गोष्ट सांगितली, शिपायाची, गाडीची, आईची. माझं नाव तिनं याही वेळी घेतलं नाही.