नऊ कोटी चौऱ्याण्णव लाख आठशे एक्क्याण्णव

माझे मामा श्रीधरराव राजाजीनगरात राहतात, बँकेतून निवृत्त झालेत आणि रोज सकाळी एक भागाकार करतात. एकच. कॅलेंडरच्या कालच्या पानामागे, पेन्सिलनं, कॉफीच्या आधी. तेवढा वेळ घरात कुणी ब्र काढायचा नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एचएसआरहून दीड तास ट्रॅफिक तुडवून मी दारात पोचते, तर मामी ओठांवर बोट ठेवून उभी!

भागायचं कशाला, तर विजेच्या मीटरच्या नंबराला. ९९४००८९१. मीटर बदलला त्या दिवशी मामांच्या मनानं घेतलं, ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी. वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की सिद्ध. अशा बाराशे अठ्ठावीस. रोज एक, म्हणजे तीन वर्षं आणि वर चार महिने.

"मोबाइलवर एका सेकंदात कळेल, मामा," मी तेव्हाच म्हटलं होतं.

"खबरदार! या घरात उत्तर कुणी सांगायचं नाही. मनस्विनी, तू नाही. तुंगा, तूही नाही."

"सरी," मामी कानडीत 'बरं' म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची. "शेवटी एक दिसतोय ढळढळीत, तरी दोननं भागायला आख्खी सकाळ घालवली या माणसानं!"

मग एका रविवारी एकच भागाकार उरला, ९९६७चा. मामांनी लगेच महाराष्ट्र मंडळाला फोन करून पुढच्या रविवारचं व्याख्यान ठरवलं: 'माझ्या घरची मूळ संख्या'. संध्याकाळी फलकसुद्धा लागला.

"अहो, शेवटचा तरी होऊ द्या."

"बाराशे सत्तावीस जणांना दाद दिली नाही तिनं. हा एकटा काय दिवे लावणार?"

सोमवारी पेन्सिल मध्येच थांबली. मामांनी खोडलं, परत मांडलं. बाकी शून्य.

"९९६७ गुणिले ९९७३," ते पुटपुटले. "शेवटच्यानं? शेवटच्यानंच?"

मामीनं कॉफी ठेवली. "नऊ हजार नऊशे सत्तरचा वर्ग नऊ कोटी चौऱ्याण्णव लाख नऊशे. त्यातून नऊ वजा केले की तुमचा मीटर. नऊ हा तीनचा वर्ग. म्हणजे सत्तरात एकदा तीन मिळवा, एकदा तीन काढा. आठवीची मुलं करतात हो!"

"तुला कधी कळलं?"

"मीटर बसला त्याच दिवशी."

"आणि तीन वर्षं गप्प?"

"सांगू नका म्हणालात ना! शिवाय रोज अर्धा तास शांतता. लग्नाला अडतीस वर्षं झाली, आत्ता कुठे मिळाली."

"अय्यो, तुंगा! फलक लागलाय! मी मंडळात तोंड कसं दाखवू?"

"आहे तेच दाखवा. शेवटच्या दिवसापर्यंत हाती लागली नाही, एवढं सांगितलंत तरी लोक ऐकतील."

रविवारी मामा सव्वा तास बोलले. दोनच्या भागाकारापासून. मग म्हणाले, "आता आमच्या मंडळी." मामीनं फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, खडू ठेवला. टाळ्या तिला पडल्या, आणि सगळ्यात जोरात मामांच्या.

आज सकाळी ते गॅसच्या पुस्तकावरचा नंबर उतरवून बसलेत. मामीनं वाकून पाहिलं, क्षणभर डोळे मिटले.

"सांगू?"

"खबरदार!"

तिनं मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि कॉफीचं पाणी चढवलं.