एक्स-रेच्या पाकिटातली चेन

धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी नर्स होते. वॉर्डातल्या एका आजींची सोन्याची चेन हरवली आणि त्यांच्या मुलानं माझं नाव घेतलं. भरदुपारी दोन पोलीस आणि एक महिला शिपाई आले. हातातलं सलाइन लावून होईपर्यंतही थांबले नाहीत. सगळ्या पेशंटांसमोर मला जिन्यानं खाली नेलं.

मी कोठडीत असतानाच तिसऱ्या दिवशी चेन एक्स-रेच्या पाकिटात सापडली. एक्स-रे काढण्याआधी कुणीतरी ती उतरवून त्यात ठेवली होती. फौजदार म्हणाले, "झालं ते झालं. जा आता."

हॉस्पिटलनं परत बोलावलं नाही. घरी माझा पाय एका जागी ठरेना. भाजी चिरताना मध्येच उठून दाराची कडी बघायची, धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. नवऱ्याचं म्हणणं, सुटलीस ना, मग काहून वाढवून राहिली? सासूबाई उमरेडच्या, सगळा जन्म हातमागावर गेलेला, एरवी फारशा बोलत नसत. त्या दिवशी मुलाला म्हणाल्या, "चोर म्हणून नेलं चारचौघांत, अन् सोडलं गुपचूप. हे बरं हाय का गा?"

दुसऱ्याच दिवशी मी एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी कागद वाचले आणि सांगितलं, असल्या गुन्ह्यात आधी नोटीस देऊन बोलवायचं असतं, असं थेट उचलता येत नाही. भरपाईसाठी हायकोर्टात याचिका टाकली. मग तारखा सुरू झाल्या. सक्करदऱ्याच्या एका छोट्या दवाखान्यात काम मिळालं होतं, पण तारखेसाठी सुट्टी मागताना कारण सांगायची चोरी. एकदा एक हवालदार घरी आला. साहेबांचं प्रमोशन अडलंय ताई, केस मागे घ्या, म्हणाला. मी त्याला पाणी दिलं आणि नाही म्हटलं. पाण्याला हात न लावता तो गेला. पुढचे चार दिवस मी खिडकीतून हलले नाही.

चौथ्या वर्षी निकाल लागला. अटक बेकायदेशीर होती, सरकारनं भरपाई द्यावी. त्याची प्रत घेऊन मी जुन्या हॉस्पिटलात गेले. मॅनेजरनं चहा मागवला आणि यात आमचा काय संबंध, असं विचारलं. चहा तसाच ठेवून मी वॉर्डात गेले. ओळखीची एकच आया उरली होती. तिच्यापुढे कागद धरून मी मोठ्यानं वाचायला लागले. खाटांवरची अनोळखी माणसं उठून बसली. काय झालं, म्हणून कुणीतरी विचारलं. आयानं माझा दंड धरला आणि सगळ्यांकडे वळून सांगितलं, "हिनं चोरी नव्हती केली."

"कोणती चोरी?" खिडकीजवळच्या बाईनं विचारलं.

मी तिच्या खाटेपाशी स्टूल ओढलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.