जाम झालेला चाप

ओमानमधल्या इब्राच्या बाजारात एक रत्नागिरीकर भाई बंदुका विकतात, दुरुस्तही करतात. नाव मी कधी विचारलं नाही. एसीच्या कामाला तिकडे गेलो की त्यांच्या दुकानात टेकतो. गिऱ्हाईक आलं की भाई आधी कहवा देतात आणि कप धरणाऱ्या बोटांकडे बघत बसतात. मला वाटायचं, उगाच वेळ काढतात. पण बोटं आखडलेली दिसली की ते जाड मुठीचं, जरा वजनदार रिव्हॉल्वर काढतात. “हलका घेतला तर सगळा झटका मनगटात,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

परवा एक म्हातारे ओमानी शेख आले. संधिवातानं बोटं वाकडी झालेली. मूठ पसंत पडली, पण रिकाम्या रिव्हॉल्वरचा चाप काही दाबता येईना. त्यांनी मान खाली घातली. भाईंनी ते हातात घेतलं, दोन्ही हातांनी जोर लावला, कण्हलेसुद्धा. मग मोडक्या अरबीत म्हणाले, “चाप जाम आहे, अर्बाब. बुधवारी या, इन्शाल्ला.”

शेख ताठ मानेनं गेले. भाईंनी एका बोटानं टिक्‌कन चाप ओढला.

“यात काहीच बिघडलेलं नाही की!” मी म्हटलं.

“त्यांच्या बोटांना जमत नाय, मंग बिघडलेलाच ना,” असं म्हणत त्यांनी चापाला हलकी स्प्रिंग बसवायला मुठीचा स्क्रू सोडवला.