काशीतले ढगाळ दिवस आणि आमच्या गाडीतला फ्रिज

माझ्या बायकोची, नलिनीची, थोरली बहीण म्हणजे ताई गेल्या वर्षी वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. "पितृपक्षात काशीला जाऊन ताईचं तर्पण मी स्वतः करणार," असं नलिनी म्हणाली आणि आमचं निघायचं ठरलं. टपावर सोलर पॅनेल बसवलेली आमची जुनी टेम्पो-व्हॅन तयारच होती. प्रश्न होता फ्रिजचा, कारण नलिनी इन्सुलिन घेते. वापरातलं पेन बाहेर चालतं, पण साठा थंडच लागतो.

मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, त्यामुळे महिनाभर आकडेमोड केली. स्वस्तातला कूलर-बॉक्स बाहेरच्या हवेपेक्षा थोडाच थंड राहतो आणि सतत वीज खातो. घरगुती फ्रिजला इन्व्हर्टर लागतो, त्यात वीज वाया जाते. शेवटी थेट बॅटरीवर चालणारा, वरून झाकण उघडणारा कॉम्प्रेसर फ्रिज घेतला. महाग पडला, पण झाकण उघडलं तरी त्यातली थंडी सांडत नाही. नलिनी म्हणत होती, सगळ्यात लहान घ्या. मी दुप्पट मोठा घेतला. दूध, दही, गार पाणी, सगळ्याची सोय.

कोल्हापूरहून सोलापूर, नागपूर, जबलपूर, रीवा करत चौथ्या दिवशी बनारस गाठलं. सिवनीच्या जंगलातला रस्ता उत्तम आहे, मात्र तो दिवसाउजेडीच पार करा. बनारसमध्ये गाडी घाटाजवळ नेऊ नका. आम्ही स्टेशनकडच्या एका मोकळ्या मैदानात लावली आणि ई-रिक्षाने ये-जा केली.

तर्पण सांगणारे गुरुजी घाटाजवळच्या दूधविनायक मोहल्ल्यात राहतात. कित्येक पिढ्या काशीतच, पण घरात मराठी. त्यांच्या पत्नी विमलकाकूंनी पहिल्याच दिवशी कढी-भात वाढला. त्याही इन्सुलिन घेतात, म्हणून दोघींचं लगेच जमलं.

दोन दिवस ऊन पडलंच नाही. उकाडा भयंकर, आभाळ शिशासारखं. मी मात्र पंखा लावत होतो आणि गार पाण्यासाठी फ्रिज उघडत होतो. तिसऱ्या दिवशी, तर्पणाच्या सकाळी, बॅटरी इतकी उतरली की फ्रिज तासाभरात आपोआप बंद पडणार होता. मी नलिनीला म्हटलं, "आपलं औषध काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवू." तेवढ्यात गुरुजीच ई-रिक्षातून उतरले. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा.

"भाऊ, कालपासून लाइट गायब आहे. ट्रान्सफॉर्मर जळला म्हणतात, पूरे मोहल्ल्यात अंधेरा. हिचं दोन महिन्यांचं इन्सुलिन आहे यात. बर्फात ठेवलं तर गोठतं. तुमच्या गाडीत राहील का?"

नलिनीने डबा घेतला आणि फ्रिजमध्ये ठेवला.

"राहील," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "गाडी वेगात पळाली की बॅटरी भरते ना? तुम्ही गाडी घेऊन हायवेवर जा."

"आणि बाराचं तर्पण?"

"ते मी करणार होतेच."

मला जायचं नव्हतं. ताईंनी नलिनीला लहानाचं मोठं केलं, आमचं लग्न त्यांनीच लावून दिलं. त्यांच्या अस्थिविसर्जनालाही मी आजारपणामुळे नव्हतो. गुरुजी म्हणाले, "पाणी वाढतं आहे. आज अमृतराव घाटाच्या वरच्या पायऱ्या उघड्या आहेत, कल का भरोसा नाही."

दूध-दही मैदानातल्या चहावाल्याला देऊन टाकलं, पंखा बंद केला आणि प्रयागराजच्या रस्त्याला लागलो. दोन तास जाताना, दोन तास येताना. ट्रकांच्या रांगेत सारखं लक्ष फ्रिजच्या तापमानाच्या आकड्याकडे. आठ, सात, सहा. पाचवर आला तेव्हा घड्याळ पाहिलं. बाराला दहा कमी होते. घाटावर नलिनीने ओंजळ भरली असेल. मी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि ताईंचं नाव घेतलं. मंत्र मला येत नव्हते.

परतलो तेव्हा नलिनी मैदानात उभी होती, ओल्या पदरानं. "झालं," एवढंच म्हणाली. संध्याकाळी मोहल्ल्यात वीज आली. विमलकाकू स्वतः डबा न्यायला आल्या आणि बराच वेळ नलिनीचा हात धरून बसल्या.

घरी आल्यावर मोठा फ्रिज एका ओळखीच्याला दिला आणि लहान घेतला. तुम्ही घेणार असाल तर गरजेपुरताच घ्या, आणि तीन दिवस ऊन नाही असं धरूनच हिशेब करा. हे मला आधीही कळत होतं.

काल जेवताना नलिनीला विचारलं, "मी घाटावर नव्हतो, याचं वाईट वाटलं का?"

"वाटलं," ती म्हणाली. मग माझ्या ताटात भात वाढत म्हणाली, "संकल्प सांगताना गुरुजींनी रीतीप्रमाणे विचारलं, बरोबर कोण आहे? मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी संकल्पात घेतलं."