पिठाहून बारीक औषध

औषध तयार व्हायला वर्षं लागतात, किस्से मात्र रोज तयार होतात. ठाण्यातल्या आमच्या लॅबमध्ये तेच जास्त साठलेत. आम्ही टीबीचं अँटिबायोटिक कोरड्या पावडरच्या रूपात बनवतोय. गोळी गिळायची नाही, इनहेलरने ओढायची पावडर, थेट फुप्फुसात.

*

मी कोपरला राहते, तिथल्या शेजारच्या काकूंना हे समजावत होते. कण मोठा झाला तर घशातच अडकतो, फारच बारीक झाला तर श्वासाबरोबर परत बाहेर.

"म्हणजे पिठासारखं दळायचं?"

"पिठाहून खूप बारीक, काकू."

"मग आपल्या चक्कीवाल्याकडे देऊ नका. तो बेसनसुद्धा जाडं दळतो."

*

एकदा लॅबचा एसी बंद पडला. हवेतला दमटपणा पावडरने ओढून घेतला आणि सगळ्याच्या गुठळ्या झाल्या. आठवड्याची मेहनत गेली. आमचे हेड सावंत सर भांड्यात बघत उभे राहिले.

"हे फुप्फुसात जाणार नाही," ते म्हणाले. "लाडू वळा."

*

इनहेलर लोकांना नीट ओढता येतो का, ते बघायला आम्ही ऑफिसमधल्यांनाच रिकामे इनहेलर दिले. अर्धे लोक ओढायच्या ऐवजी फुंकतच होते. ड्रायव्हर पाटीलकाकांना मात्र पहिल्याच फटक्यात जमलं. सगळ्यांनी कौतुक केलं, तर काका वैतागलेले.

"एवढ्या मुश्किलीने विडी सोडलेली मी. आता ऑफिसच सांगतंय, ओढा."

*

माझ्या शेजारच्या टेबलावर स्नेहा कांबळे बसते. शहाडला चाळीत राहते. गेल्या वर्षी तिच्या आईलाच टीबी झाला. गोळ्यांनी मळमळायचं, जेवण जायचं नाही. संध्याकाळी स्नेहा घरात शिरली की आईचा एकच प्रश्न, "झालं का गं तुमचं औषध?"

"अगं, अजून उंदरांवरच चाललंय."

"उंदरांचं नशीब," म्हणून आई गोळ्या गिळायची.

मधे एकदा तिने गोळ्या सोडते म्हणून हट्ट धरला. स्नेहा दोन दिवस रजा घेऊन तिच्याजवळ बसून राहिली. शेवटी आईने कोर्स पूर्ण केला. रिपोर्ट क्लिअर आला, त्या दिवशी स्नेहाने लॅबमध्ये पेढे वाटले. सावंत सरांनी डायबेटिस असून दोन खाल्ले.

संध्याकाळी ती घरी पोचली, तर आईने परत विचारलं, "झालं का औषध?"

"आई, तू बरी झालीस. आता तुला कशाला?"

आईने शेजारच्या खोलीकडच्या भिंतीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मला नको गं. पलीकडे कोणीतरी खोकतंय."