डाव्या बाजूची चटणी

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळ. उपस्थित: मी, माझे यजमान, सासूबाई आणि वजनकाटा. विषय: यजमानांचं वजन कमी करणे. निकाल: दीड किलोने वाढले.

महिन्यापूर्वी डॉक्टरांनी ह्यांना स्वच्छ बजावलं होतं, "साखर काठावर आहे. वजन उतरवा, नाहीतर गोळी सुरू. ती मग कायमची." हे गोळीला इतके भितात की डोकं दुखलं तर घरभर बामाचा वास येतो, पण गोळी नाही! म्हणून कारभार मी हातात घेतला आणि फ्रिजवर नियम चिकटवले. भाकरी दोनच, भात एक वाटी, चहा बिनसाखरेचा, गोड बंद. लेकाला सोबत म्हणून सासूबाईंनीही हेच पथ्य धरलं.

त्याही काट्यावर चढल्या. त्याही वाढल्या!

"बाहेर काय खाल्लंत?" मी ह्यांना धरलं. हे अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि तिथे रोज कुणी ना कुणी भजी आणतं.

"आईशप्पत काय न्हाय! भजी आली की मी उठून यंत्रमागांपाशी जाऊन उभा राहतो."

"मंगल, तुझा काटाच बिघडलाय बग," सासूबाई म्हणाल्या.

मी पाच किलोची पिठाची पिशवी काट्यावर ठेवली. बरोब्बर पाच. काटा निर्दोष सुटला.

मग दुपारी मी ह्यांच्या समोरच बसले. भाकरी दोन, नियमाप्रमाणे. पण ताटाच्या डाव्या बाजूला शेंगाचटणीचा डोंगर, डोंगराच्या माथ्यावर खड्डा आणि खड्ड्यात तेलाचं तळं! सासूबाईंच्या ताटातही तेच.

"अहो, हे काय?"

"चटणी."

"दिसतंय ते. एवढी?"

"भाकरी कमी केलीस की तू. मग पोट कशानं भरायचं?"

"पण ही मोजायला नको?"

माय-लेकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी पाण्याचे घोट मोजायला सांगितलेत. "चटणी कुटं मोजत्यात व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "तोंडी लावणं हाय ते. डाव्या बाजूचं जेवणात धरत न्हाईत."

तेवढ्यात भाकरी संपली, चटणी उरली. ती वाया कशी घालवायची? म्हणून ह्यांनी डब्यातून एक कडक भाकरी काढली. (कडक भाकरी ह्यांच्या हिशेबात पापडात जाते. पापड डावीकडे.) मग चटणी कमी पडली. ती वाढून घेतली. मग तिखट लागलं म्हणून वर दही!

मी पुण्यात आहारशास्त्र शिकणाऱ्या भाचीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

"मामी, शेंगदाणे चांगलेच आहेत," ती म्हणाली, "पण त्यात निम्मं तेलच असतं. तुम्ही वरून आणखी ओतताय. पोटाला ताटाची कुठली बाजू ते कळत नाही! चटणी चमचाभर घ्या आणि अर्धं ताट भाजी-काकडीनं भरा. भाकरीला कशाला शिक्षा?"

"पण मामांना एवढी चटणी करून कोण देतं?" भाचीनं विचारलं.

मी घाईघाईनं फोनचा आवाज बारीक केला. कारण उखळात रोज चटणी कुटत होते मी! नवरा भाकरी मुकाट सोडतोय या आनंदात दुप्पट कुटत होते. फ्रिजवर नियमांच्या खाली 'शेंगदाणे: ताकदीला उत्तम' हेही मीच लिहिलं होतं.

सोमवारी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ खोकून हसू दाबलं आणि एक महिन्याची मुदत दिली. गोळी तूर्त टळली. आता चटणी पोह्याच्या चमच्यानं मिळते आणि हे ती कोशिंबिरीवर अत्तरासारखी शिंपडतात.

सगळं मार्गी लागलं. तर सासूबाई म्हणाल्या, "मंगल, आता तू चढ की काट्यावर. रोज कुटताना मीठ बघाय म्हणून मूठ मूठ खात हुतीस. ते कुटल्या बाजूला धरायचं?"

काट्याचा सेल संपलाय, असं मी घरात सांगितलंय. नवा आणायचं काम माझ्याच यादीत आहे. बाकी सगळी यादी झाली, तेवढंच राहिलंय.